हौद्याची साक्ष

मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली, तेव्हा बारामती-इंदापूर पट्ट्यातला किरकोळ माल तीन चाकांवर फिरत होता. ती तीन चाकंही घरचीच. पियाज्योच्या आपे बारामतीच्या एमआयडीसीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तयार होत होत्या आणि गावोगावचे भाजीवाले, दूधवाले, किराणा दुकानदार त्याच वापरत. माल जास्त असला तर मॅटाडोर, जीपच्या सांगाड्यावर बांधलेली पिकअप, नाहीतर सरळ ट्रॅक्टर-ट्रॉली. या दोन्हींच्या मधली जागा एसने घेतली. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती, पाऊण टनाची क्षमता. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली आणि २०१७ संपेपर्यंत देशभरात अशा वीस लाख गाड्या विकल्या गेल्या. एसच्या मागोमाग महिंद्राची मॅक्सिमो, अशोक लेलँडची दोस्त, मारुतीची सुपर कॅरी, टाटाचीच इंट्रा अशा गाड्या येत गेल्या. बोलेरो पिकअप तर वाडीवस्तीवर पोचली.

या नव्या गाड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण बेताचं भांडवल असलेला माणूस पहिली गाडी घेतो ती जुनी. डाळिंब, पेरू, ढोबळी मिरची दुसऱ्याच्या गाडीत घालून पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवणारा शेतकरी, किंवा आजवर दुसऱ्याची गाडी चालवत आलेला ड्रायव्हर. ऊसबिल जमा झालेलं असतं, थोडं पतसंस्थेचं कर्ज असतं, बायकोचं डोरलं गहाण पडलेलं असतं. अशा माणसाची गाडी चुकीची निघाली तर दोन-तीन वर्षांची कमाई इंजिनात जाते. म्हणून या वीस वर्षांत जुनी पिकअप पारखण्याची रीत कशी बदलत गेली आणि त्यात काय सुटत गेलं, हे पाहणं मला महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या खेपेच्या एस २०१० च्या आसपास दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या. तेव्हाची पारख कानाची आणि हाताची होती. ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यायचा, तोही सकाळी लवकर, कारण रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं यावर अर्धा निकाल लागायचा. आपण पोचण्याआधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर मेस्त्री तिथेच नाक मुरडायचा. एसचं इंजिन सीटखाली, म्हणजे सीट उचलूनच बघायचं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढायचं. तिथून धूर भसाभसा बाहेर पडला तर रिंगा गेल्या, बोअरचं काम आलं. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर गाडी ऑइल खाते. काळा आला तर पंप, नोझल किंवा नुसता एअर फिल्टर. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, की पुढे काही बघायचंच नाही. या खुणा आजही तशाच लागू आहेत.

मीटरवर मात्र तेव्हाही कोणी विश्वास ठेवत नसे. केबलवर चालणारा मीटर केबल काढली की थांबायचा, पुढे डिजिटल मीटर आले तेही मागे नेता येऊ लागले. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टीअरिंगची पकड चकाकणारी, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा बिजागरीवर खाली आलेला, आणि मीटर म्हणतो चाळीस हजार किलोमीटर, तर मीटरचं ऐकू नये.

पण पिकअपच्या बाबतीत किलोमीटर आणि मॉडेलचं साल या दोन्हींपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे तिने आजवर वाहिलं काय. आमच्या भागात हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण इथे दहा-पंधरा किलोमीटरवर पीक बदलतं आणि पिकाबरोबर गाडीची झीजही बदलते.

दुधाची गाडी घ्या. पहाटे निघायचं, वस्त्यांवरच्या कच्च्या वाटांनी कॅन गोळा करायचे, दर अर्ध्या-एक किलोमीटरला थांबायचं, पुन्हा निघायचं, आणि संध्याकाळी हेच परत. या कामात क्लच, स्टार्टर, ब्रेक आणि दरवाजे झिजतात. सांडलेलं दूध आणि धुण्याचं पाणी हौद्याच्या कोपऱ्यांत मुरतं, पत्रा तिथून सडतो. बघणारा सडलेला पत्रा पाहून गाडी नाकारतो. मी नाकारणार नाही. दुधाच्या गाडीला एक दिवसाचीही सुटी परवडत नाही, त्यामुळे तिचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं, ती रोज चालू झालेली असते, आणि रिकामे कॅन कितीही वाजले तरी वजन बहुधा मापात राहिलेलं असतं. हौद्याचा पत्रा बदलायला लागणारा पैसा इंजिनाच्या कामापुढे किरकोळ आहे. नवा रंग मारलेल्या चकचकीत गाडीपेक्षा कोपरे सडलेली दुधाची गाडी मला जास्त भरवशाची वाटते.

मासळीची गाडी याच्या उलट. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण, पळसदेव या भागातून मासळी जाते ती बर्फात. बर्फाचं पाणी हौद्यातून खाली गळतं आणि चॅसीच्या पोकळ दांड्यांत शिरतं. गंज आतून खात येतो आणि बाहेरून काही दिसत नाही. अशी गाडी रॅम्पवर चढवून चॅसीवर हातोडीने हलकेच ठोकत गेलं पाहिजे. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज येईल तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघावा. खाली ताजा काळा रंग मारलेला असेल तर तो कशासाठी मारला हे विचारावं. वास मात्र झाकता येत नाही. केबिनच्या मागच्या फटीत नाक नेलं की कळतं.

सगळ्यात फसवी गाडी म्हणजे चाऱ्याची. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी या साखर कारखान्यांचे हंगाम चालू असताना उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या केबिनच्या वर मनुष्यभर उंच रचून पिकअप धावतात. हिरवा चारा वजनाला काय भरतो हे स्प्रिंगच्या पाट्यांना विचारावं. अलीकडे मुरघासाच्या बॅगा आल्या, त्या आकाराने लहान आणि वजनाने कितीतरी भारी. त्यासाठी मालक मागच्या पाट्यात पाटा वाढवून घेतात. म्हणून खाली वाकून पाटे मोजा आणि कंपनीने दिलेल्या संख्येशी ताडून बघा. वाढवलेला पाटा म्हणजे मालकाने सही करून दिलेला कबुलीजबाब. तो दिसला की पाट्यांच्या हँगरजवळची चॅसी नीट न्याहाळा. तिथे वेल्डिंगची पट्टी असेल तर गाडी कधीतरी वाकली किंवा तडकली होती. मागच्या टायरची झीज एकाच कडेला असेल तर हौसिंग वाकल्याची शंका घ्यावी. गाडी हळू चालवताना एकदम ॲक्सिलेटर देऊन सोडला आणि मागून ‘टक्’ असा आवाज आला, तर जॉइंट किंवा क्राऊनचं काम आहे.

वाळू, मुरूम, विटा वाहिलेली गाडी फाळक्यावरून ओळखू येते. एमआयडीसीत सुट्या भागांचे खोके वाहिलेली गाडी बहुधा चांगली निघते, फक्त तिचे किलोमीटर फार झालेले असतात. आणखी एक प्रकार बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा दिंड्यांचं सामान आणि पाणी घेऊन गाड्या चालतात. माणसांच्या पायांच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर. ही सेवा दरवर्षी केलेली गाडी असेल तर मालक ते अभिमानाने सांगतो. ऐकून हात जोडावेत, आणि क्लच प्लेट बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

२०१७ ते २०२० या तीन वर्षांत पारख बदलली. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. आधीच्या दोन-तीन दिवसांत शोरूमनी मोठ्या सवलती देऊन गाड्या संपवल्या. त्या वेळच्या गाडीच्या आरसीवर नोंदणी मार्च २०१७ ची दिसते, पण उत्पादन आधीचं असू शकतं. उत्पादनाचा महिना स्वतंत्र बघावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. साध्या पंपाची जागा कॉमन रेलने, सेन्सरने घेतली आणि मेस्त्रीचा कान अपुरा पडू लागला. आता चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी त्याची सोय केलेली आहे. स्कॅनर लावून जुने कोड वाचून घ्यावेत, आणि ते आदल्याच दिवशी पुसलेले नाहीत ना, याची शंका मनात ठेवावी. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी धरणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग, गरम इंजिनावर पळावी लागते. वस्तीवरून वस्तीवर थांबत जाणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही आणि जाळी तुंबते. म्हणजे वर मी जिची बाजू घेतली त्या दुधाच्या गाडीबद्दल, ती २०२० नंतरची डिझेल असेल, तर हाच पहिला प्रश्न विचारायला हवा. सीएनजीची असेल तर टाकीच्या तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचा दाखला मागावा.

कागदांचा भाग आमच्याकडे सर्वांत हलक्यात घेतला जातो. गाडी विकली, पैसे मिळाले, आरसी मात्र वर्षानुवर्षं जुन्याच नावावर. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, मग गाडी मधे कितीही हातांत फिरलेली असो. हा निकाल विकणाऱ्याने आधी वाचावा. नमुना २९ आणि ३० भरल्याशिवाय चावी हलवू नये. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि त्यांचा दाखला हातात पडल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. तोवर फक्त विसार. पतसंस्था बंद पडलेली असेल तर हा बोजा उतरवायला किती हेलपाटे पडतात, हे या भागात अनेकांना ठाऊक आहे. चॅसी आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी कागदाशी जुळवा, चॅसीच्या नंबरवर पेन्सिलने छाप काढून घ्या. बाकीचं, म्हणजे पासिंगची मुदत, विमा, पीयूसी, थकलेली ई-चलनं, आता फोनवर दिसतं.

वजनाचा एक मुद्दा खरेदीआधीच लक्षात घ्यावा. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एस या मर्यादेत आरामात बसते, मोठ्या पिकअप ती ओलांडतात. ड्रायव्हरच्या परवान्याची काळजी मात्र मिटली आहे. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केलं.

आठ वर्षांपुढच्या गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांचं शुल्क केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून कित्येक पटींनी वाढवलं. पहिल्या काळातल्या एस आता या रेषेपलीकडे आहेत. त्या स्वस्तात मिळतात म्हणून घेणाऱ्याने किमतीत पासिंग, पत्रा आणि टायर मिळवून मगच तुलना करावी.

शेवटचा आग्रह चाचणीबद्दल. रिकामी पिकअप गावाच्या चौकापर्यंत नेऊन आणणं ही चाचणी नव्हे. मालकाला सांगून गाडीत तिच्या क्षमतेइतका माल भरा, खताच्या गोण्या चालतील, आणि सासवडच्या बाजूला जाणं होणार असेल तर दिवे घाटात चढवून उतरवून बघा. चढावर तिसऱ्या गिअरमधून दम तुटतो का, उतारावर ब्रेक एका अंगाला ओढतात का, तापमानाचा काटा कुठे जातो, हे तिथेच समजतं. व्यवहार ठरलाच तर ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. विकणाऱ्याला १४ दिवसांत आणि घेणाऱ्याला ३० दिवसांत हस्तांतर आरटीओला कळवावं लागतं. बारामतीचं कार्यालय एमआयडीसीपासून लांब नाही, त्याच आठवड्यात दोघांनी मिळून जाऊन यावं.