स्तनकर्करोग, दुसऱ्यांदा उद्‌भवणारा
स्तनकर्करोगावर एकदा उपचार झालेल्या स्त्रीस पुढील आयुष्यात त्याच रोगाचे पुन्हा निदान होणे. हा जुन्या अर्बुदाचा पुनरुद्‌भव असतो किंवा नवा, बहुधा दुसऱ्या स्तनातील, कर्करोग असतो. ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या परीक्षेने (जीवोतक परीक्षा) हा भेद ठरविण्यास मदत होते. नवा किंवा स्थानिक रोग पुष्कळदा बरा होऊ शकतो. अस्थी, फुप्फुसे वा यकृतात पसरलेला रोग सामान्यतः समूळ नष्ट होत नाही. तथापि तो अनेकदा दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो.

पूर्वी प्रारण दिलेल्या भागास पुन्हा पूर्ण मात्रा देणे धोक्याचे असते. डॉक्सोरुबिसीन या औषधाची आयुष्यभरातील एकूण मात्राही हृदयास अपाय होऊ नये म्हणून मर्यादित ठेवतात. म्हणून पहिल्या उपचारांची कागदपत्रे जपणे महत्त्वाचे ठरते. केवळ वार्धक्य हे उपचार टाळण्याचे कारण नव्हे. हृदय, मूत्रपिंडे व अस्थींची स्थिती पाहून उपचार ठरवितात.

मुंबईतील देवनारच्या रहिवाशास परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) रेल्वेने जाताना गोवंडीहून निघून कुर्ल्यास गाडी बदलावी लागते. अशा वारंवारच्या फेऱ्यांत वृद्ध रुग्णास औषधाइतकीच सोबतीचीही गरज असते.