डोंगर आणि दवबिंदू टिपणारा जुना कॅमेरा: निकॉन डी८१०

निकॉनने डी८१० जाहीर केला तो जून २०१४ मध्ये. लग्नांचे फोटो काढणाऱ्यांपासून ते स्टुडिओत दागिन्यांचे फोटो काढणाऱ्यांपर्यंत अनेकांनी तो घेतला आणि भरपूर वापरला. पुढे मिररलेस कॅमेरे आले. माणसाचा डोळा ओळखून त्यावरच फोकस धरून ठेवायला ते शिकले, आणि ज्यांचं पोट कॅमेऱ्यावर चालतं त्यांनी आपापले डी८१० विकायला काढले. आज मुंबईच्या बोरा बाजारात किंवा फोटोग्राफर मंडळींच्या ओळखीपाळखीतून शोधायला लागलं, की चांगल्या स्थितीतला डी८१० मिळणं अवघड नाही.

तो विकण्याची कारणं एकेक करून तपासली, तर गंमत कळते. सेकंदाला पाचच फ्रेम. व्हिडिओ फोर-के नाही. कमी उजेडात धावत्या मुलावर फोकस चुकतो. बॅटरी आणि कार्ड धरून वजन ९८० ग्रॅम. यातलं वजन सोडलं तर एकही तक्रार कोकणकड्याला किंवा कासच्या पठारावरच्या फुलाला लागू होत नाही. कडा धावत नाही. फुलावर फोकस आपण हाताने रिंग फिरवून करतो. ज्या कामात हा कॅमेरा मागे पडला ते काम आपलं नाही, आणि ज्या कामात तो अजून मागे पडलेला नाही नेमकं तेच आपलं आहे. लँडस्केप आणि मॅक्रो करणाऱ्याने जुन्या कॅमेऱ्याकडे वळावं असं मला मनापासून वाटतं, ते यामुळे.

डी८१०चा सेन्सर फुल फ्रेम, ३६.३ मेगापिक्सेलचा, पूर्ण फोटो ७३६० बाय ४९१२ पिक्सेलचा. इंचाला ३०० पिक्सेल धरून छापला तर साडेचोवीस इंच रुंद प्रिंट निघतो. एवढे पिक्सेल निकॉनने याआधी, २०१२ मध्ये, डी८०० मध्ये दिले होते. त्या वेळी सेन्सरपुढे एक लो-पास फिल्टर असायचा. कापडाच्या विणीसारख्या बारीक, एकसारख्या नक्षीवर खोटे रंगीत पट्टे उमटतात, ते टाळण्यासाठी हा फिल्टर प्रतिमा मुद्दाम किंचित मऊ करायचा. डी८००ई या भावंडात त्याचा परिणाम रद्द केला होता. डी८१० मध्ये तो फिल्टरच काढून टाकला. खडक, गवत, शेवाळ यांत एकसारखी वीण क्वचितच असते, त्यामुळे आपल्याला धोका कमी आणि फायदा पूर्ण. साड्यांची जाहिरात करणाऱ्याने मात्र हाच निर्णय दोनदा तपासावा.

पण पिक्सेलांपेक्षा मला या सेन्सरचं दुसरं वैशिष्ट्य मोठं वाटतं. त्याचा मूळ आयएसओ ६४ आहे. डी८००चा १०० होता. आकडा छोटा दिसतो, पण सेन्सर भरून जाण्याआधी जास्त उजेड पोटात घेतो असा त्याचा अर्थ. डीएक्सओमार्कच्या मोजणीत डी८१०ची डायनॅमिक रेंज १४.८ स्टॉप आली होती. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर ढग फाटून मागून ऊन आलं, की आकाश पांढरंफटक आणि कड्याचं पोट काळं, अशी स्थिती होते. अशा वेळी आकाश जपून एक्स्पोजर घ्यायचं आणि काळोखी घरी आल्यावर रॉ फाइलमध्ये उचलायची. काळ्या भासणाऱ्या भागातून बसॉल्टचे थर, कारवीची झुडपं, पाण्याची ओघळ निघते, आणि तीही रंगीत कचरा न होता. आजच्या नव्या कॅमेऱ्यांनीही यात फार मोठी उडी मारलेली नाही.

आता मॅक्रो. इथे आकडे जरा जवळून बघावेत. खरी मॅक्रो लेन्स एकास एक मापात, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर टिपते. ३६ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर वस्तूच्या एका मिलिमीटरला सुमारे २०५ पिक्सेल मिळतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर १६७, आणि डी८१०नंतर आलेल्या डी८५०च्या ४५.७ मेगापिक्सेलवर २३०. कासच्या जांभ्यावर पावसाळ्यात ड्रॉसेरा उगवतं, ज्याला दवबिंदू म्हणतात. त्याच्या पानावर लाल केसासारखे तंतू असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला कीटक पकडणारा चिकट थेंब. थेंब अर्धा मिलिमीटरचा धरला, तर डी८१० त्याला शंभरेक पिक्सेल देतो. थेंबात उलटं दिसणारं आकाश आणि त्याला चिकटलेल्या चिलटाचा पाय वेगळा कळायला तेवढे पुरतात. डी८५० घेतला तर ११५ होतील. एवढ्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे.

पिक्सेल जास्त असले की हादराही जास्त स्पष्ट दिसतो. एकास एक मापात ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याचा आरसा खटकन वर जातो, तेवढ्यानेही थेंबाच्या कडेला दुहेरी रेघ येते. डी८१०ने इथे डी८००वर खरी मात केली. आरशाची आणि शटरची यंत्रणा जास्त मऊ केली, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन दिला. आरसा वर करण्याचा एमअप मोड लावायचा, पहिल्या दाबाला आरसा वर जातो, हादरा विरेपर्यंत थांबायचं, दुसऱ्या दाबाला एक्स्पोजर सुरू होतं. आणि ते सुरू करताना कुठलाही पडदा हलत नाही, सेन्सरच चालू होतो. लक्षात ठेवायचं एवढंच, की ही सोय एमअपमध्येच चालते आणि मेन्यूतून आधी चालू करावी लागते. डी८०० स्वस्त मिळतोय म्हणून घ्यावा का, असं विचारणाऱ्या मॅक्रोवाल्याला मी या एका कारणासाठी नको म्हणेन. वाऱ्यावर मात्र कुठल्याही कॅमेऱ्याकडे उपाय नाही. कासला वारा थांबण्याची वाट बघावीच लागते.

छिद्र किती बारीक करायचं, हाही प्रश्न येतो. निकॉनची १०५ मिलिमीटरची एफ/२.८ मायक्रो लेन्स एकास एक मापावर नेली, की पूर्ण उघडी असतानाही कॅमेरा ४.८ दाखवतो, कारण जवळ जाताना प्रत्यक्षात पोचणारा उजेड घटतो आणि निकॉन तो खरा आकडा सांगतो. तो आकडा १६ वर नेला तरी तीक्ष्ण दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर, तीही सैल मोजमापाने. त्यापुढे बारीक करत गेलं तर प्रकाश छिद्राच्या कडेला पसरतो आणि महागाचे पिक्सेल वाया जातात. म्हणून ११ ते १६च्या दरम्यान राहून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर एकत्र करायच्या. डी८५० हे सरकवणं स्वतः करतो, एका दमात ३०० फ्रेमपर्यंत. डी८१०वर ते हातानेच.

डी८५०चा दुसरा, आणि मला जास्त महत्त्वाचा वाटणारा फायदा म्हणजे त्याचा हलणारा स्क्रीन. पठारावरची कितीतरी झाडं बोटभर उंच. डी८१०चा स्क्रीन पक्का बसवलेला, त्यामुळे ओल्या जांभ्यावर गाल टेकावा लागतो. डीआर-५ हा काटकोनी व्ह्यूफाइंडर जुन्या बाजारात सापडला तर घेऊन ठेवावा. तोही जमणार नसेल आणि गुडघे कुरकुरत असतील, तर डी८५०चे पैसे स्क्रीनसाठी मोजावेत. सोनीचा ए७आर २, कॅनॉनचा ५डीएस आर, पेंटॅक्सचा के-१ हेही त्याच काळातले ताकदीचे. ज्याच्याकडे ज्या माउंटच्या लेन्स आहेत त्याने तिकडे बघावं.

समोर आलेला नग तपासताना पहिल्यांदा तो उलटा करावा. सुरुवातीच्या काही डी८१०मध्ये लांब एक्स्पोजरला पांढरे ठिपके येत होते. निकॉनने ऑगस्ट २०१४ मध्ये हे मान्य करून दुरुस्ती दिली, आणि ज्याला दुरुस्ती लागणार नाही त्याच्या ट्रायपॉडच्या भोकात काळा ठिपका केला. तो दिसला तर उत्तम. तरीही लेन्सला झाकण लावून, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करून, ३० सेकंदांचा एक फोटो घ्यावा आणि शंभर टक्क्यांवर बघावा. दोनचार ठिपके वयाचे असतात, चांदणं पसरलेलं दिसलं तर नको म्हणावं. मग एफ/१६ला मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन सेन्सरवरची धूळ बघावी. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. शटर काउंट कॅमेऱ्याच्या मेन्यूत दिसत नाही, पण ताज्या फोटोच्या माहितीत नोंदलेला असतो आणि एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने वाचता येतो. शटरची चाचणी निकॉनने दोन लाख वेळांपर्यंत केली आहे. लग्नांत राबलेला कॅमेरा तिथे सहज पोचतो, हौशी माणसाचा क्वचितच. मेन्यूतल्या बॅटरी इन्फोमध्ये बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ४ म्हणजे नवी घ्यावी लागणार. कार्डाचे दोन खण आहेत, एक कॉम्पॅक्टफ्लॅशचा, एक एसडीचा. पहिल्यात टॉर्च मारून पिन वाकलेल्या नाहीत ना ते पाहावं. ग्रिपचं रबर सुटलं असेल तर भाव पाडायला कारण मिळतं, नग नाकारायला नाही.

वाचलेले पैसे लेन्समध्ये घालावेत. डी८१०च्या बॉडीत फोकस मोटर असल्याने जुन्या एएफ-डी मायक्रो लेन्सही ऑटोफोकससकट चालतात, आणि १०५ची जुनी एएफ-डी नंतरच्या १०५पेक्षा बरीच स्वस्त पडते. हाताने फोकस करायची ५५ मिलिमीटरची मायक्रो-निक्कॉर त्याहून स्वस्त. ती फक्त अर्ध्या मापापर्यंत जाते, पण फुलांना तेवढं बहुधा पुरतं. मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेली लेन्स घेताना मागून टॉर्च धरून आरपार बघावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती किती का स्वस्त असेना, परत द्यावी. फंगस साफ करून मिळतो, पण त्याने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही.