शामोनीचे पुतळे

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची पायवाट आहे. रोज डोंगर चढायचे-उतरायचे म्हणजे पाय बोलू लागणारच! म्हणून काही जण फ्रान्समधल्या शामोनी गावी एक दिवस विश्रांती घेतात. बूट उन्हात ठेवायचे, सपाता घालायच्या आणि गाव बघायला निघायचं.

गावातून आर्व्ह नदी वाहते. तिचं पाणी दुधाळ का, ठाऊक आहे? वरच्या हिमनद्या सरकताना खडक दळतात. ते पीठ पाण्यात मिसळतं.

नदीजवळ पुतळ्यांची एक जोडी दिसते. एक आहेत शास्त्रज्ञ सोस्यूर. शिखराची वाट शोधणाऱ्याला त्यांनी बक्षीस लावलं होतं. दुसरा शिखराकडे बोट दाखवणारा जाक बाल्मा. ८ ऑगस्ट १७८६ रोजी तो माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचला. पण थांबा, तो एकटा नव्हता! गावचे डॉक्टर मिशेल पकार त्याच्या बरोबरीने चढले होते. वाहवा मात्र बाल्माचीच झाली. त्याचा पुतळा १८८७ साली उभा राहिला. डॉक्टरांच्या पुतळ्याला १९८६ साल उजाडावं लागलं. चढाईला तेव्हा दोनशे वर्षं झाली होती!

तुम्हीही सहलीला गेलात, की पुतळा नुसता पाहू नका. याच्या सोबत आणखी कोण होतं, असंही विचारा!