पाळीची वेदना आणि रक्ताची साक्ष

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी बीजांडकोशावर वा ओटीपोटातील अन्य अवयवांवर वाढू लागल्या म्हणजे त्या विकारास एण्डोमेट्रिऑसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो जडतो. पाळीच्या वेळी तीव्र वेदना होणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. कित्येकींना त्यामुळे वंध्यत्वही येते.

भलत्या जागी रुजलेल्या या पेशींना तग धरण्यासाठी रक्तपुरवठा लागतो. नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देणारा 'व्हीईजीएफ' हा वाढ-घटक अशा रुग्णांच्या उदरपोकळीतील द्रवात अधिक प्रमाणात आढळून आला आहे. रक्तातील 'सीए-१२५' हे प्रथिनही अनेकींत वाढते. तथापि, ते गर्भारपणी, पाळीच्या दिवसांत व बीजांडकोशाच्या कर्करोगातही वाढते. उलट, विकाराच्या आरंभी ते पुष्कळदा प्रमाणातच असते. २०१६ साली कॉक्रेन संस्थेने शंभराहून अधिक रक्तघटकांचा आढावा घेतला. त्यांपैकी एकही निदानास पुरेसा विश्वसनीय ठरला नाही.

तात्पर्य, रक्ततपासणी निर्दोष आली म्हणून वेदना काल्पनिक ठरत नाही. पाळीच्या वेदनेमुळे जिची शाळा दरमहा बुडते, त्या मुलीस 'हे सोसावेच लागते' असे न सांगता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठविण्याची दक्षता शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घ्यावयास हवी.