डोळे कोणाच्या हाती सोपवावे?

दिवेलागणीच्या वेळी आजीला सुईत दोरा ओवता येईनासा होतो, समोरचा दिवा धुरकट दिसू लागतो आणि घरात विचार सुरू होतो: कोठे दाखवावे? शेजारी एका दवाखान्याचे नाव सुचवितात, आप्त दुसऱ्याचे. वाचकहो, असा प्रसंग आपल्याही घरी आला असेल, किंवा पुढे येईल. तेव्हा कायद्याने आपल्या हाती काय दिले आहे, हे आधीच जाणून घेणे हिताचे आहे.

१९८६ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे एका सेवाभावी संस्थेने नेत्रशिबिर भरविले होते. तेथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ८८ जणांपैकी ८४ जणांची त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरलेले सलाईन दूषित असावे, असे चौकशीत दिसून आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८९ साली न्यायालयाने पीडितांना पूर्वी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज प्रत्येकी आणखी १२,५०० रुपये देण्याचा आदेश दिला. परंतु गेलेली दृष्टी पैशाने परत येत नाही. हेतू चांगला होता, एवढ्याने शस्त्रक्रिया निर्धोक होत नाही. म्हणूनच नियमांची आवश्यकता असते.

आपल्या संविधानानुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे कायदे सर्वत्र सारखे नाहीत. महाराष्ट्रात रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे. कर्नाटकाने २००७ साली आपला स्वतंत्र कायदा केला. अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम व सिक्कीम या राज्यांच्या विनंतीवरून संसदेने २०१० साली केलेला कायदा १ मार्च २०१२ पासून लागू झाला. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान आदी राज्यांनीही तो स्वीकारला. या केंद्रीय कायद्यानुसार नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावावे लागते, आणि सेवांचे दरही स्थानिक भाषेत व इंग्रजीत जाहीर करावे लागतात. आपण जेथे राहता, तेथील कायदा कोणता, याची चौकशी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात करता येते.

संस्थेइतकेच महत्त्व डोळे तपासणाऱ्या व्यक्तीला आहे. नेत्रतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर नेत्ररोगांचे विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो; रोगाचे निदान व शस्त्रक्रिया हे त्याचे काम. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टीची तपासणी करून चष्म्याचा नंबर ठरवितो, आणि रोगाची शंका आल्यास डॉक्टरांकडे पाठवितो. २०२१ सालच्या संलग्न आरोग्य व्यवसायविषयक कायद्यात त्याच्या व्यवसायाचा समावेश झाला आहे. चष्मा विकणारा दुकानदार मात्र या दोहोंपैकी कोणी असेलच असे नाही. वैद्यक परिषदेकडे नोंद नसताना डॉक्टर म्हणून व्यवसाय करणे हा गुन्हा असून, त्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. डोळे लाल झाले म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडयुक्त थेंब आठवडेच्या आठवडे घातले, तर लाली जाते, बरे वाटते. पण आत डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदूने मंदावलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली नजर मिळत नाही.

म्हणून दवाखान्याच्या दारात तीन गोष्टी विचारण्यास संकोच करू नका. संस्थेची नोंदणी आहे काय? तपासणारे कोण, आणि डॉक्टर असल्यास त्यांचा नोंदणी क्रमांक कोणता? खर्च किती, व त्याची पावती मिळेल काय? शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर एकाएकी कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना दाखवा. आणि सर्व कागद जपून ठेवा. डॉक्टरांच्या वर्तनाविषयी तक्रार असेल, तर राज्याच्या वैद्यक परिषदेकडे दाद मागता येते.

असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे; जाणता डॉक्टर त्यांची उत्तरे आनंदाने देतो. सरकारी निरीक्षक प्रत्येक दारी रोज जाऊ शकत नाही, रुग्णाचे नातलग मात्र जातात. आजीचा हात धरून आपण दवाखान्याची पायरी चढाल, तेव्हा प्रथम भिंतीवरील प्रमाणपत्र वाचा. तिला ते वाचता येत नाही. म्हणूनच तर आपण तिच्यासोबत आला आहात.