शेतावरील पिलास अवधान शिकविणें

शेतकरी कुत्रें पाळतो तें राखणीकरितां. परंतु पिलूं सहा-सात महिन्यांचें झालें कीं त्यास दिवसभर दावणीस बांधावें लागतें, कारण मोकळें सोडल्यास तें शेजाऱ्याच्या शेळ्यांमागें धांवतें. गाभण शेळी अशी पिटाळली गेली तर गाभडते. मग नुकसानीचा तंटा, त्यांतून बांधाचा जुना तंटा, आणि शेवटीं कोणीतरी कुत्र्यास विष घालतो. महसुली नोकरींत असे कज्जे आम्हीं पुष्कळ ऐकले. त्यांत मूळ दोष कुत्र्याचा क्वचितच असे.

ओसरीवर हांकेसरशी येणारें पिलूं बाजारांत आपलें नांवही विसरतें. ह्यास लोक हट्ट म्हणतात. आमच्या मतें तो हट्ट नव्हे. ओसरीवर शिकलेली गोष्ट कुत्र्यास ओसरीपुरतीच कळते. जागा बदलली कीं ती बहुधा पुन्हां शिकवावी लागते. शिवाय त्याचें नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. आपणांस जो बांध रिकामा दिसतो, त्यावर त्यास रात्रीं गेलेल्या कोल्ह्याचा वास येत असतो.

प्रथम घरांतील सर्वांनीं 'ये', 'बस' व 'थांब' हे तीनच शब्द ठरवावे. मुलांनीं गंमत म्हणून 'छू' म्हणून त्यास कोंबड्यांवर घालणें सक्तीनें बंद करावें. एका दुपारच्या गमतीनें महिन्याची मेहनत फुकट जाते. पाठ भाकरी घालण्यापूर्वीं, पिलूं भुकेलें असतां द्यावा, आणि तोही पांच मिनिटांचा. दिवसांतून दोन-तीन वेळां पुरे. नांव घ्यावें, आणि पिलानें आपल्या तोंडाकडे पाहतांच हरभऱ्याएवढा भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा तत्काळ द्यावा. उशिरां दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला हें त्यास समजत नाहीं.

हें गोठ्यांत साधलें म्हणजे अंगणांत, आणि मग शेतांत न्यावें. येथें पुष्कळ जण घाई करितात. पट्ट्यास वीस हात लांबीचा कासरा बांधून पिलास चरणाऱ्या शेळ्यांपासून शंभर पावलांवर उभें करावें. शेळ्या दिसत असतांही हांकेस मान वळली, तर अंतर योग्य आहे. कान ताठ झाले, तोंडाशीं धरलेला तुकडाही तें हुंगत नाहीं, तर आपण फार जवळ आलों असें समजून मुकाट्यानें मागें सरावें. ओरडून उपयोग नाहीं. दोन-चार दिवसांनीं दहा पावलें पुढें जावें. ज्या दिवशीं अंतर कमी केलें, त्या दिवशीं बसवून ठेवण्याची वेळ वाढवूं नये. सवय पक्की झाल्यावर तुकडा प्रत्येक वेळीं न देतां मधून मधून द्यावा.

हांक एकदांच मारावी. दहा वेळां मारलेली हांक कुत्रें गाडीच्या खडखडाटासारखी ऐकून सोडतें. उशिरां आलें तरी मारूं नये. उशिरां येण्याबद्दल मार खाणारा लवकर यावयास शिकत नाहीं, न यावयास शिकतो. हें कचेरींतील शिपायासही लागू आहे.

मुधोळ अथवा कारवानी जातीचीं कुत्रीं धांवत्या वस्तूमागें नजरेनें धांवतात, म्हणून त्यांस अधिक धीरानें शिकवावें लागतें. पण तीं शिकत नाहींत हा समज खोटा आहे. २०१६ सालीं भारतीय सैन्यानें मुधोळ पिलें मेरठ येथील केंद्रांत शिक्षणास नेलीं. अशा कुत्र्यास सशामागें सोडण्याचा मोह मात्र आवरावा. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यान्वयें सशाची शिकार गुन्हा आहे.

सातव्या महिन्यापासून वर्षापर्यंत शिकलेलें पिलूंही कांहीं काळ ऐकेनासें होतें. तो वयाचा धर्म आहे; पुन्हां कासरा लावून शंभर पावलांपासून आरंभ करावा. आठवड्याच्या बाजारांत नेण्यापूर्वीं पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी. ती साधारण तीन महिन्यांच्या वयास देतात व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळोवेळीं द्यावी लागते. उंसाच्या भागांत बिबट्याचा वावर असेल, तर पाठ दिवस मावळण्यापूर्वींच आटोपून पिलूं गोठ्यांत कोंडावें.