हिशेबनिसाचा पगार

सकाळी 9.30. मार्च महिना, फोर्टातलं आमच्या न्यासाचं कार्यालय, टेबलावर प्रस्तावांचा गठ्ठा. न्यासाने वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के धर्मादाय कामावर खर्ची घालायचे असतात, नाहीतर प्राप्तिकराची सवलत अडचणीत येते. त्यामुळे या दिवसांत सगळ्यांचीच धावपळ. पहिला तास नोंदणीचे दाखले, करसवलतीची बारा-ए, ऐंशी-जी प्रमाणपत्रं आणि लेखापरीक्षणाचे अहवाल तपासण्यात जातो.

10.45. मोखाड्याच्या एका संस्थेचा प्रस्ताव. दिवाळीनंतर तिकडची घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागे आजीजवळ राहिलेल्या लहानग्यांसाठी पाळणाघर चालवायचं आहे. अंदाजपत्रकात सेविकांचं मानधन, अंडी, नाचणी, मुगाची उसळ, वजनकाटा. शेवटच्या ओळीत अर्धवेळ हिशेबनीस, महिना 6,000 रुपये. त्या ओळीशेजारी आमच्याच कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘प्रशासकीय खर्च. काढावा.’

हे मला अजिबात पटत नाही. तिमाही अहवाल आम्ही मागतो, एकेका अंड्याची पावती आम्ही मागतो, वर्षअखेरीला विनियोग प्रमाणपत्रही आम्हालाच हवं असतं. हे सगळं लिहायचं कुणी? हिशेबनीस नसला की दिवसभर पोरं सांभाळलेली सेविकाच रात्री व्हाउचरं चिकटवत बसते. परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 मध्ये कायद्यानेच 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. तिथे कुणाचा इलाज नाही. आमचा पैसा मात्र इथलाच आहे, हात आखडायला काही कारण नाही. पेन्सिलीच्या शेऱ्याखाली मी शाईने लिहिते, ‘ठेवावा. 8,000 करावा.’

1.15. डबा.

2.00. मेळघाटातल्या एका संस्थेचा फोन. “ताई, दुसरा हप्ता कधी पडेल? पोरींचं दोन महिन्यांचं मानधन थकलंय.” अहवाल वेळेत आलेला आहे, फाइल एका सहीसाठी अडून आहे. मी फाइल उचलते आणि स्वतः सहीला घेऊन जाते. न्यासाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ‘सन्मान’ हे मूल्य छापलेलं आहे. हप्ता वेळेवर गेला तर ते पाळलं, असं मी मानते.

4.00. विश्वस्तांची बैठक. मोखाड्यावर बराच वेळ जातो. “पगारावर पैसे घातले, तर लोकांना दाखवणार काय?” एक विश्वस्त कळकळीने विचारतात. मी टाटांचा दाखला देते. सर दोराबजींनी 1932 मध्ये आपली संपत्ती न्यासाच्या हवाली केली, तीही स्थळ, राष्ट्र, धर्म असा भेद न करता. त्यातूनच 1936 मध्ये समाजकार्य शिकवणारी आजची टिस, 1941 मध्ये परळचं कॅन्सर रुग्णालय आणि 1945 मध्ये मूलभूत संशोधन करणारी टीआयएफआर उभी राहिली. तिथेही शिकवणाऱ्यांचे, तपासणाऱ्यांचे आणि हिशेब ठेवणाऱ्यांचे पगार कुणीतरी दिलेच की!

8,000 मंजूर होत नाहीत. 6,000 होतात, पण एका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी. तीन वर्षांची खात्री असली की माणूस टिकतो. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

6.00. नकाराची पत्रं. ‘आपला प्रस्ताव आमच्या निकषांत बसत नाही’ एवढ्यावर मी एकही पत्र पाठवत नाही. का बसत नाही, ते लिहिते. साताऱ्याकडच्या एका बाईंना अंध मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे हवे होते, आम्ही बांधकामाला देत नाही. पत्र मिळण्याआधी फोन केलेला बरा. त्या शांतपणे ऐकून घेतात, मग विचारतात, “मॅडम, बांधकाम सोडून ब्रेल पुस्तकांसाठी मागितलं तर?”

“मागा. अर्ज आत्ताच मेल करते. आणि पुस्तकं लावून ठेवणाऱ्या माणसाचा पगारही त्यात धरा.”